माळ्याची मंजुरी

बाई, तुमचा आवाज आठवायला आता मला आधी तुमचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. शाळा सुटली आहे, मी पाटावर बसून कविता म्हणतो आहे, तुम्ही चपात्या लाटता आहात. शेवटच्या ओळीला माझा आवाज खाली जातो. लाटणं थांबवून तुम्ही म्हणता, "शब्द गिळू नकोस रे. ज्याला सांगतोयस त्याला ऐकू जायला हवं." मी घरी निघालो तेव्हा तुम्ही मला तुमचंच, खाकी कव्हर घातलेलं कवितांचं पुस्तक दिलंत. कविता पाठ झाल्या, शब्द मात्र मी गिळतच राहिलो.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी दुबईत, अल कुसैसला एकटा राहत होतो. ही आणि मुलगी पुण्याला परतल्या होत्या. जुन्या व्हिलाचा अर्धा भाग आमच्याकडे भाड्याने होता, खोल्या दोनच, मुलीला अभ्यासाला कोपरा नाही. "एक खोली वाढली तर येऊ," असं ही जाताना म्हणाली होती, आणि मी त्या वाक्यावर दिवस काढत होतो. वर उतरत्या कौलांखाली माळा होता, रिकाम्या बॅगा आणि एसीची खोकी ठेवायचा. त्याची राहती खोली करायची असं मी ठरवलं. शेजारी म्हणाले, परवानगी कसली काढताय, प्लायवूड ठोका, खलास. पण चोरून बांधलेल्या खोलीत मुलीला झोपवायला मन घेईना. मालक अरब, भला माणूस. त्याने अर्जावर सही केली, इन्शाल्ला म्हणाला, आणि बहुधा विसरूनही गेला.

नकाशासाठी मी स्वतः एक चित्र काढून नेलं होतं. खिडकीशी बाक, तिथून चंद्र दिसणार, उताराखाली पुस्तकं. बांधकाम कन्सल्टंटच्या ऑफिसातला मल्याळी ड्राफ्ट्समन ते बघून हसायला लागला. "सार, इधर शायरी खड़ा होगा, आदमी नहीं." खरंच, मधली पट्टी सोडली तर माझ्या खोलीत कुणाला ताठ उभं राहता येत नव्हतं. त्याने सगळं पुन्हा काढलं. दर शुक्रवारी फोनवर मी हिला जिन्याविषयी आणि खिडकीविषयी सांगायचो. ती विचारायची, "मग, म्युनिसिपालिटी काय म्हणते?" तू ये, मला इथे करमत नाही, एवढं मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

तपासणीला म्युनिसिपालिटीचा सुदानी इंजिनियर आला. जिना फार उभा आहे म्हणाला. खिडकीतून आगीच्या वेळी माणूस बाहेर पडला पाहिजे, ती मोठी करा म्हणाला. मग खालच्या मजल्यावर, एकाच माणसाच्या चपला बघून त्याने विचारलं, "फॅमिली कुठे?" पुण्यात, म्हटलं. "मग तुम्ही बॅचलर." माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मी हसलो. तो हसला नाही. तिथे बायको घरात नसलेला पुरुष बॅचलरच, आणि असे माळे मंजूर झाले की त्यात खाटा टाकून माणसं भरतात, अशी त्यांना धास्ती. म्हणजे खोली झाल्याशिवाय ही येणार नाही, आणि ही आल्याशिवाय खोली मंजूर होणार नाही. माझा चेहरा बघून त्याने पेन खिशात ठेवलं आणि मला सदीक, म्हणजे दोस्त, अशी हाक मारली. "माझी चार मुलं खार्तूमला आहेत, सदीक. या हिशेबाने मीही बॅचलर." काम करायची परवानगी तो देणार होता. शेवटच्या तपासणीला मात्र फॅमिली घरात दिसली पाहिजे.

खोली बांधून झाली, आणि मुलीच्या सुट्टीत दोघी आल्या. इंजिनियरने मोठ्या खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं, हिच्या हातचा चहा घेतला आणि सही केली. मुलगी म्हणाली, "इट्स नाइस, बाबा, बट ऑल माय फ्रेंड्स आर देअर नाऊ." हिने खोली झाडली, पडदे लावले. "छान झालीय हो. दहावी होऊ दे तिची, मग बघू," म्हणाली. पाचव्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. दहावी झाली, बारावी झाली, त्या राहायला पुन्हा आल्या नाहीत. शेवटी मीच परतलो.

हे पत्र पाकिटात जाणार नाही, आणि घरातही राहणार नाही. ही आता पलीकडच्याच खोलीत असते, सापडलं तर वाचेल, आणि पुढचं तिने वाचू नये. विमानतळावरून परत आलो त्या दुपारी मी वर गेलो, मुलीच्या पलंगावर बसलो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खाली सगळं शांत होतं, कुणी हाक मारणार नव्हतं. बाई, मला हायसं वाटलं.