दाराबाहेर बसायची परवानगी

आई, आज मी लेकीबरोबर एक नर्सिंग होम बघून आले. तिचं बाळंतपण तिथं करायचं चाललं आहे. लिफ्ट आहे, खोल्या थंडगार आहेत, खालच्या टेबलापाशी बसलेली मुलगी हसून सगळं समजावून सांगते. लेक सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी "चांगलं आहे" म्हटलं. खरं सांगायचं तर नेमकं काय बघायचं तेच मला सुचेना, आणि घरी आल्यापासून तुझी इतकी आठवण येते आहे की भाजी चिरायची तशीच ठेवून लिहायला बसले.

साठ-एकसष्टचं साल असेल. मी पहिलटकरीण, बाभुळगावला तुझ्याकडे आलेली. आपल्याकडे तेव्हा सुईण बोलावून घरीच सगळं उरकायचे. पण ताई पुसदकडच्या तिच्या सासरी पहिल्याच बाळंतपणात गेली, त्याला फार दिवस झाले नव्हते. नदीला पूर आला म्हणून तिला माहेरी आणता आलं नव्हतं. तू कशीबशी पोचलीस, तर तिथल्या बायकांनी तुला ओसरीवरच बसवलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. "मोठी सोशिक हाय तुमची पोरगी," असं त्या तुला सांगत राहिल्या, आणि तू ते खरं मानून बाहेरच बसून राहिलीस. हे मला बाबांकडून कळलं. माझ्या वेळी बाबांना फक्त एवढं म्हणालीस, "हिचं मी सोता पाहून करीन."

यवतमाळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नुकतंच नर्सिंग होम काढलं होतं. आपण दोघी एसटीनं गेलो. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "चहा मंग. आधी जागा पाहतो," असं म्हणून तू उठलीसच. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढलेली, हळू बोलायचं, विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं. आणि तू चपला काढून सरळ खाटेवर आडवी होतेस, या कुशीवरून त्या कुशीवर वळतेस, मग उठून बसून पाय जमिनीला टेकतात का ते बघतेस. नर्स तोंडाला पदर लावून म्हणते, "मावशी, बाळंतपण कोणाचं हाय?" तू म्हणतेस, "माहे तं सारे झाले. पण झोपून पाह्यल्याबिगर खाट कशी समजन?" मी भिंतीकडे तोंड करून उभी.

मग न्हाणीघर. आतली कडी तू दोनदा लावून काढून पाहिलीस. "आत चक्कर आली अन् कडी लागली असली, तं दार तोडता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर आहे, कडी काढून टाकते." ओली फरशी पायानं घासून तू म्हणालीस, "घसरते. तरटाचा तुकडा टाका." सुया उकळायच्या भांड्यावरचं झाकण उचलून वाफ येते का ते पाहिलंस. आणि पुन्हा, "इथं नाही जमलं तं पोरीले कोठी नेता?"

"सरकारी दवाखान्यात. माझी गाडी आहे."

"चालवते कोन?"

"मीच."

तेव्हा कुठं तू त्यांच्याकडे नीट पाहिलंस. तरी तुझं मन भरेना. बाहेर कडुनिंबाखाली तांड्यावरची एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तिची सून आत होती. तिच्याजवळ जाऊन तू फतकल मारलीस. "कशी हाय वो डॉक्टरीण?" म्हातारी म्हणाली, "लय चिडते बाई. माह्या सुनेवर अशी चिडली का मले वाटलं आता मारते. पन हात धरूनशान चिडते. रातभर हात सोडला नाही." तू उठलीस, आत गेलीस आणि चहा मागितलास.

एकच गोष्ट अडली. बाळंतिणीच्या खोलीत घरच्यांना येता येणार नाही, हा त्यांचा नियम होता. तू पुष्कळ विनवलंस, त्या हलल्या नाहीत. शेवटी तू म्हणालीस, "दाराशी तं बसू द्याल ना?" एवढ्याशा परवानगीसाठी तुझा आवाज कापलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आणि मी काय केलं, तर वेणा सुरू झाल्यावर ओठ घट्ट मिटून घेतले. तशीच सवय होती. शिवाय तू दाराशी आहेस, तुला भीती वाटू नये, असं माझ्या मनात. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "शाबास, किती शहाणी आहेस." तेवढ्यात दार उघडून तू आत. डोक्यावरचा पदर घसरलेला, चेहरा पांढराफटक.

"काहून चूप हाय हे? बोलत काहून नाही?"

"बाई, तुम्ही बाहेर थांबा. सगळं ठीक आहे."

"तिचा आवाज ऐकतो अन् जातो."

मी "आई गं" म्हणून अशी ओरडले की खिडकीवरची कबुतरं उडाली. तू तिथंच मटकन बसलीस, रडलीस, मग आपली आपण उठून बाहेर गेलीस. नर्सनं मागून दार लावायला हात घातला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू दे थोडं उघडं."

उद्या मी लेकीच्या नर्सिंग होममध्ये फोन करीन. मी कुठं बसायचं ते आज विचारलंच नाही. ही पानं मात्र लेकीला दाखवणार नाही, घडी करून ठेवून देईन. तू जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, "सहन झालं नाही तवाच ओरडली माही लेक." मी तुला कधी दुरुस्त केलं नाही. त्या वेळी कळ ओसरली होती, आई. काहीच दुखत नव्हतं. तुला ऐकू जावं म्हणून ओरडले.