समोरच्या ओट्यावरचे वैद्य

निपाणी, २० जून १९३६

ती. गं. भा. विनोदिनीआक्का हिस,
धाकट्या केशवचा साष्टांग नमस्कार वि. वि.

दवाखाना उघडला. पाटी लागली, नारळ फुटला, आळीतल्या लोकांनी पेढे खाल्ले आणि पेढे संपताच सगळे रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे आण्णाप्पा वैद्य असतात. साठी उलटलेली, पानाने लाल झालेलं तोंड, आणि गावातल्या प्रत्येकाची नाडी ओळखीची. मी खुर्चीत बसून त्यांची गर्दी बघतो. खानावळीतही माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही, वैद्यांना राग येईल म्हणून. कधी कधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही.

घरमालक यल्लाप्पा तंबाखूचे व्यापारी. ते धीर देतात की डाक्टरसाहेब, भिऊ नगासा, मालाला दोन गिऱ्हाइकं आली की शेतकऱ्याचं भलं व्हतंय, तसं दोन वैद्य झालं की रोग्याचं भलं. मला ते पटलं. चुरस असली की दोघंही चांगलं काम करू.

प्रकृती जप. तुझ्या दोन ओळी आल्या की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

तुझा,
केशव


खानापूर, ३ जुलै १९३६

चि. केशव यास विनोदिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं, पण घरात माणसाचा आवाज झाला. तुझे भावजी गेल्यापासून तेवढ्याचंही अप्रूप वाटतं. लहानपणी तुला गप्प बसवायला गूळ द्यावा लागे, आणि आता तुला बोलायला माणूस मिळत नाही, याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं.

चुरशीचं म्हणशील तर आमचा तरवा बघायला ये. वाफ्यात भाताची रोपं दाट असतात. उजेडासाठी प्रत्येक रोप शेजारच्याच्या वर डोकं काढायला बघतं. वाढतात भराभर, पण बारीक आणि पिवळट. तशीच ठेवली तर दाणा धरायची नाहीत, म्हणून उपटून लांब लांब लावायची. यल्लाप्पांचं तंबाखूपुरतं खरं असेल. तिथे घेणाऱ्याला माल पारखता येतो. रोग्याला औषध पारखता येतं का, ते तू डॉक्टर आहेस, तूच सांग.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, ती पत्राने कळवत राहा.

विनोदिनी


निपाणी, २६ जुलै १९३६

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

तू म्हणालीस तेच झालं. लोकांना सुई आवडते असं दिसलं, म्हणून नको तिथेही मी सुई देऊ लागलो. ते बघून वैद्यांनी काढा रंगीत बाटलीतून द्यायला सुरुवात केली. गर्दी दोन्हीकडे होऊ लागली.

पण एक गोष्ट मनाला खाते आहे. मनुबाई म्हणून वखारीत तंबाखू निवडणारी बाई आहे. विधवा, भावाच्या घरी राहते. तिचा खोकला तपासून मी क्षय असल्याचं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती समोरच्या ओट्यावर. वैद्यांनी अंगात उष्णता आहे म्हणून गोड अवलेह दिला. ती खुशीत घरी गेली, आणि नवा डाक्टर वंगाळ बोलतोय असं गावभर झालं. माझी बाकडी पुन्हा ओस पडली. काल तसाच दुसरा खोकला आला, तेव्हा मी तंबाखूची धूळ असेल म्हणालो. तो माणूस माझ्या पाया पडून गेला.

आक्का, खरं सांगणारा इथे एकटा पडतो, आणि एकटं राहण्याचा मला कंटाळा आला आहे.

रागावलीस तरी लिही.

केशव


खानापूर, ३१ जुलै १९३६

चि. केशव यास आशीर्वाद.

रागावले आहे. मनुबाई भावाच्या पोरांना आणि तो दुसरा माणूस स्वतःच्या पोरांना मांडीवर घेऊन जेवू घालत असेल, रोग त्यांनाही लागेल, एवढं तुला कळत नाही असं नाही.

आमच्याकडे पाण्याच्या पाटावरून वर्षभर भांडणं चालतात. पण लावणीला पैरा करतात. आज माझा गडी तुझ्या शेतात, उद्या तुझा माझ्या. तेवढे दिवस भांडण बांधावर ठेवायचं. तू रस्ता ओलांड आणि वैद्यांशी पैरा कर. दोघांनी एकच सांगितलं तर रोगी खोट्याकडे पळणार कुठे? ते वडीलधारे आहेत, तू आधी वाकलास म्हणून तुझं काही जात नाही.

काय झालं ते कळव, जीव टांगणीला आहे.

विनोदिनी


निपाणी, १४ ऑगस्ट १९३६

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

गेलो. वैद्यांनी ओट्यावर जागा करून दिली, पान पुढे केलं. मग म्हणाले की मला बी पयल्या दिशीच कळलं व्हतं, पर म्या क्षय म्हटलं असतं तर बाई तुमच्याकडं आली असती. ती माझ्याकडूनच आली आहे हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, गावात बोभाटा नंतर झाला. ज्याच्याशी मी खोटं बोललो होतो त्या माणसाकडेही आम्ही बरोबर गेलो आणि खरं सांगितलं. आता संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसतो आणि गप्पा मारतो. इतक्या दिवसांनी हसलो.

मनुबाईच्या घरीही दोघं गेलो. वैद्यांनी सांगितलं, मी मान डोलावली. तिने पदर तोंडाला लावून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की दोघं एक झालासा, आता म्या कुनाकडं जाऊ?

आम्ही एक झालो हे बरोबरच झालं, पण तिची शेवटची आशा आमच्या भांडणावर होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वखारीने तिला काढलं. भावाने तिचं अंथरूण परसात, गोठ्याच्या कडेला टाकलं आहे. मिरजेच्या इस्पितळात तूर्त जागा नाही. मोकळी हवा, दूध आणि विसावा मिळाला तर ती सावरेल, पण असं घर कुठून आणू?

काही सुचत नाही. तूच आठवतेस.

केशव


खानापूर, १९ ऑगस्ट १९३६

चि. केशव यास आशीर्वाद.

मनुबाईला घेऊन ये. मागच्या सोप्याची खोली झाडून सारवली आहे. खिडकी रानाकडे उघडते, म्हैस दुभती आहे. तिचं ताट-तांब्या वेगळं ठेवायचं, कपडे उकळायचे, हे तू सांगण्याआधी मला कळलं. कोण जात, कोण गोत, म्हणून लोक बोलतील. बोलू देत.

तिला बळजबरी करू नकोस. एवढंच सांग की खानापुरात एक बाई आहे, तिलाही वेगळ्या ताटात एकटीने जेवायची सवय आहे. दोघी दोन टोकांना बसू, पण एकाच वेळी जेवू.

विनोदिनी