कुर्लीला दुखतं

४ जानेवारी, रविवार
मोबाईलवर खेकड्यांबद्दलचं एक व्याख्यान ऐकलं. कुर्लीला दुखतं. ज्याला दुखतं त्याला दुखवू नये, बाकी सगळ्या सबबी. पटलं. तेव्हाच स्वयंपाकघरात बायको, सुचित्रा, जिवंत कुर्लीच्या नांग्या मोडत होती. जेवताना रस्सा दूर सारला. आजपासून कुर्ली बंद! सुचित्रा म्हणाली, नाहीतरी पुनवेच्या कुर्ल्या पोकळच असतात. तत्त्व हिच्या डोक्यावरून जातं.
सुरमईबद्दल व्याख्यानात काही नव्हतं. दोन तुकड्या घेतल्या.

७ जानेवारी
निग्रह कायम. त्रास शून्य. माझ्यात मुळात संन्यासी आहे, लग्नामुळे राहून गेलं.
शेजारच्या रामजीला कुर्लीची वेदना समजावली. त्याने विचारलं, मग कोळंबीचं काय? अभ्यास चालू आहे, असं सांगितलं.

१२ जानेवारी
सुचित्राला रोज जेवताना सांगतो. आज तिने विचारलं, खरंच दुखतं? म्हटलं, तुझं बोट दारात चेमटलं तर? मग ती स्वतःचं बोट चोळत राहिली. प्रबोधन जोरात.

१७ जानेवारी
उद्या अमावस्या. सखुबाई कोळीण गच्च भरलेल्या कुर्ल्या आणणार. खूप विचार केला. पकडली तेव्हाच तिला दुखलं. आता न खाणं म्हणजे तिचं दुखणं वाया घालवणं. सुचित्राला सहा घ्यायला सांगितल्या. निव्वळ निरीक्षणासाठी.

१८ जानेवारी, सकाळ
वाटण तयार. सुचित्राने कुर्ली उचलली आणि थांबली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, ही माझ्याकडे बघतेय. म्हटलं, त्यांचे डोळेच तसे, मनाला लावून घेऊ नकोस. मग तुम्हीच मोडा, म्हणाली.
निदान शेवटी तरी मोकळी असावी म्हणून मी नांग्यांची दोरी कापली. कुर्लीने माझा अंगठा धरला. किंचाळलो. रामजी धावत आला, नांगी तोडतो म्हणाला. सुचित्रा ओरडली, खबरदार, तिला दुखेल! अंगठा अजून नांगीतच होता. शेवटी हात पाण्याच्या बादलीत बुडवला, तेव्हा सुटला.
सुचित्रा सगळ्या कुर्ल्या बादलीत घेऊन टॅक्सीने शिवडीच्या खाडीवर गेली. माझ्या अंगठ्याला हळद मीच लावली.

दुपारी
परत आली. सगळ्या चिखलात शिरल्या म्हणे. तिचा चेहरा इतका शांत मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. जाहीर केलं, या घरात मासळी बंद. मी सुरमईचा विषय काढला. तिने विचारलं, तिला दुखत नाही?
कुर्ल्यांच्या वाटणात दुधी घातला होता. पहिल्याच घासाला रडू फुटलं. सुचित्राला वाटलं, कुर्ल्यांसाठी रडतोय. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, तुमच्यासारखा मनाचा हळवा माणूस पाहिला नाही. आणि दुधी आणखी वाढला.