मोज्यातला हब

६ सप्टेंबर १९५३, रविवार

सायकल क्लबात विल्फशी वाजलं. विल्फ म्हणजे हिल्डाचा, माझ्या बायकोचा, थोरला भाऊ. वय एकसष्ट, गुडघे दुर्दैवाने शाबूत. मी इतकंच म्हणालो की गिअर ही पोस्टमनांची आणि पाद्र्यांची सोय आहे. पुरुषाला एक गिअर पुरे, तोही फिक्स्ड. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, मधे आराम नाही. वीस वर्षं मी हेच सांगतोय. विल्फ म्हणाला, हॉरेस, तोंडाने आम्हीही चढतो. चार ऑक्टोबरला क्रॅबट्रीचा चढ एका गिअरवर चढून दाखव. पाय टेकलास तर ईस्टरपर्यंत क्लबाच्या चहाचे कप तू विसळायचेस. टाळ्या पडल्या. मी हो म्हणालो. चढ तो केवढा!

८ सप्टेंबर, सकाळी ६

क्रॅबट्रीवर सराव. पाय टेकला. वारा समोरून होता.

१० सप्टेंबर

पुन्हा टेकला. वारा मागून होता, पण गार.

१२ सप्टेंबर, शनिवार

बसने डर्बीला जाऊन हब आणला, म्हणजे मागच्या चाकाचा मधला तुंबा. तीन गिअर, पण फिक्स्ड. सगळी यंत्रणा चाकाच्या पोटात, बाहेर साखळी एक आणि चक्र एक. म्हणजे तत्त्वतः एकच गिअर, फक्त तीन प्रकारे. तत्त्वाला धक्का नाही. हा हब खरं तर आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवरच्या कारखान्यात बनतो. पण अर्धं नॉटिंगहॅम तिथे कामाला, हिल्डासुद्धा. इथे घेतला असता तर चहाच्या वेळेपर्यंत गावभर झाला असता. डोकं लागतं. डब्यात १७ आकड्याची चिठ्ठी होती, ती बसमधून फेकली.

१३ सप्टेंबर, रविवार

चाक बसवलं. हब फार जाड दिसतो, म्हणून वरून जुना लोकरी मोजा चढवला. कुणी विचारलंच तर चिखलापासून संरक्षण. गिअरचा खटका सीटखाली, पिशवीच्या आड. झाकली मूठ! हिल्डाने विचारलं, चाकाला सर्दी झालीय का? मी म्हणालो, तुला नाही कळायचं. ती दिवसाला चाळीस हब जोडते, पण मोज्याच्या आत काय आहे हे तिला कुठून दिसणार?

१९ सप्टेंबर, शनिवार

खटक्यापासून हबापर्यंतची नवी केबल ताणली जाऊन सैल पडते. सैल पडली की हब दोन गिअरच्या मधे लटकतो आणि पेडलं नुसतीच गरगर फिरतात. स्क्रू अर्धा तास पिळला. आणखी बिघडलं. पुडिंग गार होत होतं, म्हणून आत गेलो. हिल्डा बराच वेळ परसात होती. दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असावी.

२० सप्टेंबर, रविवार

एकदम सुरळीत! काल पिळलेलं लोणच्यासारखं मुरलं असणार. क्रॅबट्री पाय न टेकता चढलो. एकेकाच्या हाताला गुण असतो. हिल्डाच्या बोटांना तेल लागलेलं दिसलं. शिलाई मशीनचं असेल.

२६ सप्टेंबर, शनिवार

केबल पुन्हा सैल. पिळली. आज पुडिंग मनुकांचं.

२७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा सुरळीत. आता मला स्क्रूची नस सापडली आहे. साखरही आजपासून रेशनमधून सुटली, चहात तीन चमचे घातले. सगळे ग्रह अनुकूल. विल्फकडे बघून हसलो. तोही हसला. बिचारा.

३ ऑक्टोबर, शनिवार

केबल सैल, नेहमीसारखी पिळली. हिल्डा म्हणाली, उद्या निघण्याआधी मी एकदा चाकाकडे बघू का? मी समजावलं की दिवसभर नट आवळले म्हणून कुणाला यंत्र कळत नाही. त्याला उपजत समज लागते. ती म्हणाली, बरं. मग रेडिओ लावून बसली. आज परसात गेली नाही.

४ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी ५

उभ्याने लिहितोय.

पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणाआड, कुणी बघत नाही असं पाहून, खटका ओढला. पेडलं गरगर. पाय पंख्यासारखे, सायकल जागच्या जागी. मग दोघेही खाजऱ्या झुडपात. मोजा फांदीवर.

अख्खा क्लब पळत आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता फसवा म्हणतील, आता वीस वर्षांचं नाक कापलं जाईल! पण माझ्याकडे कुणी बघेचना. तीस माणसं, तीसही कारखान्यातली, हबभोवती उकिडवी. एक म्हणाला, अर्धा फेरा सैल आहे. दुसरा म्हणाला, पाऊण. विल्फ म्हणाला, मोजा आम्ही पहिल्या रविवारपासून बघतोय रे, म्हटलं कधी काढतोस ते बघू.

चहाच्या गाडीतून हिल्डा उतरली. कोटाच्या खिशातून छोटा पाना काढला. हबवर कोरलेल्या आकड्यावरून बोट फिरवून म्हणाली, सतरा नंबर, माझ्याच टेबलावरचा. दर शनिवारी तू पुडिंग खात होतास तेव्हा मीच लावून ठेवत होते. काल विचारलं, तर तूच नको म्हणालास.

मग तिने केबल लावली. बावीस वर्षांच्या संसारात तिला काम करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बोटं किती शांत चालतात तिची! शरम वाटली. आधी कधी वाटायला हवी होती, याचा हिशेब मांडला नाही.

हिल्डा सायकलवर बसली आणि सगळ्यात हलक्या गिअरवर वरपर्यंत गेली. लोक ओरडत होते. मी तिची पर्स घेऊन मागून चालत गेलो.

११ ऑक्टोबर, रविवार

चौतीस कप. यातही शास्त्र आहे. मोठे आधी विसळावेत, हे विल्फला ठाऊक नव्हतं. महिन्याभरात या कामात मला तोड राहणार नाही.

सायकल हिल्डा घेऊन गेली आहे, बायकांच्या फेरीला. सीट दीड इंच खाली केली. मोजा मी हात पुसायला घेतला.

ती परतल्यावर सहज विचारलं, केबल नक्की किती पिळायची, अर्धा फेरा की पाऊण? म्हणाली, आधी कप पूस.

पुसतोय.