रोंयाच्या घरात पाणी शिरलं नाही

४ ऑक्टोबर २०२१
नवी शाळा म्हणजे पत्र्याचे कंटेनर! जुनी जुलैत आर नदीच्या पुरात गेली. वर्गात आपोआप दोन गट पडलेत. आम्ही चिखलवाले, म्हणजे घरं बुडालेले, मागे बसतो आणि वाट्टेल ते विनोद करतो. "तुमचा फ्रीज सापडला का रे?" "हो, चर्चमध्ये!" आणि गंमत – असं हसलेल्या दिवशी मला छान झोप लागते. का बरं?

५ ऑक्टोबर
समुपदेशक बेर्टलिंगबाईंना हेच विचारलं. म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" हे काय उत्तर झालं!

७ ऑक्टोबर
रोंया माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. घर टेकडीवर, द्राक्षमळ्यांच्याही वर. पुराचा थेंब शिरला नाही. तरी पहिल्या बाकावर एकटी, आमच्याशी बोलत नाही. आज पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. आम्ही मागे छताकडे बघायला लागलो, पण थरथरत होती ती! हिला काय झालं?
आई म्हणाली, "आपलं सगळं शाबूत राहिलं, याची लाज वाटत असेल गं तिला."
लाजेने कोणी थरथरतं का?

२५ ऑक्टोबर
सुट्टी संपली. बसमध्ये सरळ रोंयाशेजारी जाऊन बसले. "बोल की गं!"
"मी काय बोलू? आमची तर पायरीही भिजली नाही."
चार थांबे गेले. मग एकदम सुरू झाली. पुराच्या रात्री आम्ही छपरावर अडकलो होतो, तेव्हा ती खिडकीतून माझा टॉर्च बघत होती. तो चालू आहे तोवर स्वेन्या, म्हणजे मी, जिवंत आहे, असं धरून बसली होती. आणि तो विझला.
"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तू मेलेली होतीस."
मी मेलेली! आणि मलाच पत्ता नाही.
"अगं वेडे, सेल वाचवायला बंद केला मी!"
ती हसली, रडली, माझ्याच बाहीला नाक पुसलं.

२६ ऑक्टोबर
रोंया मागच्या बाकावर. सगळे नुसते सरकले.

१ नोव्हेंबर
रोंयाबरोबर दफनभूमीत गेले. कोल्कआजोबांसाठी मेणबत्ती लावली. आमच्या समोरच राहायचे, पुरात गेले. तिथे तिला खरं सांगितलं. सेल वाचवायला नाही. टॉर्चच्या उजेडात आजोबा त्यांच्या छपराला लोंबकळत हाका मारताना दिसत होते. मला बघवेना, म्हणून बंद केला.
हे इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.
रोंयाने विचारलं, "कोणाला हाका मारत होते?"
"मला."
ती तिथल्या बाकावर सरकली. "बस. पहिल्यापासून सांग."