दिवसाची झोप

पुढच्या खोलीतून,
ता. ४ मे, सकाळ

चि. भोंग्यास अ. उ. आ.

तुझ्यामाझ्यात एक दार आहे, तरी पत्र लिहायची पाळी आली. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, असं तू बजावलं आहेस. फोनवर निरोप पाठवावा तर तो तुझ्या सगळ्या ऑफिसला पडद्यावर दिसतो. मागच्या आठवड्यात माझ्या फाटक्या पायजम्याची चौकशी तुझ्या साहेबांनीही केली म्हणे. तेव्हा आता दाराखालून कागद.

पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आलास, त्याला सहा महिने होतील. आलास याचा आनंदच आहे. पण आल्या दिवशी तुझं टेबल आतल्या खोलीत गेलं आणि आईचा पलंग पुढे आला. पुढची खोली म्हणजे दाराची बेल, जिन्यावरची वर्दळ आणि भर दुपारचं ऊन. आमच्या नर्सबाई, म्हणजे तुझ्या मातोश्री, रात्रपाळी करून येतात, डोळ्यांवर कापड बांधून आडव्या होतात, आणि नेमकी तेव्हाच आतून तुझी मीटिंग सुरू होते. लहानपणी तोंडाने माझ्या बसचा हॉर्न वाजवायचास म्हणून तुझं नाव भोंग्या पडलं. ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. साहेब लांबच्या गावी असले तरी मध्ये यंत्र आहे, ओरडावं लागत नाही.

मी उभा जन्म बस चालवली. डेपोत ड्रायव्हर झोपला असेल तर कंट्रोलरसुद्धा चपला हातात घेऊन जायचा. आणि तुझं काम काय, तर मालाचे ट्रक कुठे पोचले आणि त्यांच्या ड्रायव्हरांनी झोप घेतली की नाही ते बघायचं. दिवसभर परक्यांना विचारतोस, झोप झाली का. एकदा आईलाही विचार.

मिक्सर, टीव्ही, माझा खोकला, सगळ्यावर तुझी बंदी आहे आणि आम्ही ती पाळतो. आता थोडी तूही पाळ.

लोभ आहेच, सध्या दबक्या आवाजात आहे.

तुझा,
बाबा

आतल्या खोलीतून,
ता. ४ मे, दुपार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र भर मीटिंगमध्ये मिळालं. नुसतं सरकवून तुम्ही थांबला नाहीत, पट्टीने ढकलत राहिलात. तो खरखराट सगळ्यांनी ऐकला.

निवृत्त झाल्यापासून हाकायला बस उरली नाही, म्हणून तुम्ही मला हाकता असं माझं मत झालं आहे. माझी नोकरी खेळ वाटते का तुम्हाला? घरून काम करणाऱ्यांपैकी कोणाला ठेवायचं आणि कोणाला कायमचं घरी बसवायचं, याचा विचार तिकडे चालू आहे. अशात परवा तुम्ही बनियनवर आत आलात, कपाटातून टॉवेल काढलात आणि जाताना साहेबांना चालू द्या म्हणून हात केलात. साहेब हसले. मला हसू आलं नाही.

सकाळी बसतो तो दिवे लागले तरी उठत नाही. जेवतो कीबोर्डशेजारी. पाठ मलाही आहे. दार असलेली खोली या घरात एकच, त्याला मी काय करू? आणि आई तर काही म्हणत नाही. त्रास असता तर ती बोलली असती. तिचं नाव पुढे करून तुम्ही आपल्या टीव्हीची सोय बघताय.

राग मानू नये. मी मात्र मानला आहे.

आपला,
भोंग्या

पुढच्या खोलीतून,
ता. ५ मे

चि. साहेबांस आ.

टीव्हीचा आरोप वाचला. सहा महिने मी मुका टीव्ही बघतो आहे. बातम्यांतली बाई नुसते ओठ हलवते आणि जगात काय चाललंय ते मी अंदाजाने ठरवतो.

आई बोलली असती म्हणतोस. ती अर्ध्या झोपेतून उठून तुझा चहा करते आणि पुन्हा आडवी होते. चहा काय नळाला येतो असं वाटलं तुला? काल तू कशावर तरी मोठ्याने ओरडलास, तर ती दचकून उठून बसली आणि मला विचारलं, कोणत्या बेडचा पेशंट ओरडला. मी सांगितलं, आपलाच.

उत्तर नको. झोपू दे तिला.

बाबा

हॉस्पिटल, नर्सेसची विश्रांतीची खोली,
ता. ७ मे

चि. भोंग्यास अ. आ. आणि त्याच्या बाबांस स. न. वि. वि.

पत्र एकच लिहिते, कारण दोघांचा अपराध एकच आहे. आपल्या रस्त्याने जाणाऱ्या सिस्टरच्या हाती पाठवते आहे.

तुमची पत्रं मी वाचली. टेबलावर उघडीच पडली होती. माझ्या झोपेवरून दोघांनी रान उठवलंत आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. ह्यांच्या सपाता दाराकडे जातात, परत येतात, पट्टी खरखरते, आतून खुर्ची सरकते. मीटिंगमधून जी काही झोप उरली होती ती तुमच्या टपालाने मोडली.

काल ड्यूटी संपता संपता मी एका आजोबांना शेजारच्या बेडचं इंजेक्शन द्यायला निघाले होते. सुई हातात होती. जोडीच्या सिस्टरने नाव वाचलं आणि माझा हात धरला. आजोबांना काही कळलं नाही. मी सुई टाकून दिली आणि उरलेली इंजेक्शनं तिलाच द्यायला सांगितली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

भोंग्या, तू आलास तेव्हा पलंग पुढे न्यायला मी स्वतः हात लावला, कारण तुझी नोकरी टिकायला हवी होती. पण नोकरी मलाही आहे रे. तू चुकलास तर ट्रक उशिरा पोचेल. मी चुकले तर माणूस जाईल. हे घरातल्या दोन शहाण्यांना मला सांगावं लागतंय याचा संताप आला आहे, आणि या वेळी तो मी गिळणार नाही.

मेट्रनबाईंना विचारलं आहे. आजपासून ड्यूटी संपली की मी इथेच झोपणार. लोखंडी खाट आहे, जाड पडदा आहे, आणि मधेच कोणी चहा मागत नाही. संध्याकाळी कपड्यांपुरती घरी येईन. तुझं काम घरी आलं, म्हणून माझं घर मी कामावर हलवलं. स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा.

लोभ असावा, आवाज नसावा.

आई

पुढच्या खोलीतून,
ता. ९ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र कुठून लिहिलंय ते वर बघ. बाबांनी आणि मी पलंग परत आत नेला आणि टेबल पुढे आणलं. माझ्या मागे आता कपड्यांची दोरी दिसते, दिसू दे. दाराची बेल बाबांनी काढून ठेवली आहे.

खरं सांगतो, तुझं पत्र वाचून आधी चिडलोच. त्या आजोबांचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. मग एका मीटिंगचं रेकॉर्डिंग लावलं, तर स्वतःचं बोलणं ऐकून मीच आवाज कमी करायला धावलो. हे तू सहा महिने ऐकलंस.

तू घरी नव्हतीस तरी काल मीटिंगमध्ये हळू बोलून बघत होतो. साहेबांनी विचारलं, घसा बसलाय का. मी सांगून टाकलं की आई रात्रपाळीची नर्स आहे, दिवसा झोपते, यापुढे मी असाच बोलणार आणि जेवायलाही उठून जाणार. नोकरीचं काय व्हायचं ते होवो म्हणून बोललो. तर साहेबांनीच आवाज खाली आणला, आणि हळूहळू सगळ्यांनीच. एकजण म्हणाली, तिचं तान्हं मूल शेजारीच निजलेलं असतं, पण सांगायची सोय नव्हती.

आई, त्यांच्यासाठी मी तुम्हाला सहा महिने गप्प बसवलं. तुमच्यासाठी त्यांना हळू बोला म्हणायला एक वाक्य पुरलं. ते आधी का म्हटलं नाही, याचा माझा मलाच राग येतो.

झोपायला घरी ये. चहा मी करतो आहे, बाबा तो पितातही.

तुझा,
भोंग्या

आतल्या खोलीतून,
ता. ११ मे, संध्याकाळ

चि. भोंग्यास अ. आ.

आज चार वाजेपर्यंत झोपले. मधे एकदाच जाग आली. घरात काहीच ऐकू येईना म्हणून घाबरून दार किलकिलं केलं. तू टेबलाशी कुजबुजत होतास, आणि बाबा मुक्या टीव्हीसमोर उशीत तोंड खुपसून खोकत होते. कोणालाच माझी चाहूल लागली नाही. पुन्हा जाऊन पडले.

राग पुरता गेला आहे असं समजू नकोस. सहा महिन्यांची झोप राहिली आहे, ती भरून निघाली की बघू. इंजेक्शनआधी नाव मी दोनदा वाचतेच. आज ते डोळे न चोळता वाचेन.

निघते. बाबांना म्हणावं, खोकायला परवानगी आहे.

आई