अगं म्हटलं की दोघी

९ फेब्रुवारी

सहा मासे आणले! स्पीचवाल्या मॅडमचा सल्ला. खरं तर त्या मासे म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या, "घरात असं कुणीतरी आणा, जे ह्यांच्या चुका काढणार नाही." आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

ह्यांना झटका येऊन चार महिने झाले. पाय सावरला, काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून रुसलेला आहे. शब्द मात्र विस्कटले. डोक्यात आहेत म्हणे, जिभेवर येताना भलतेच येतात. चहा हवा असला की "कात्री". उशीला "आरसा". तीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलं ह्यांनी — गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू! — आणि आता हे. त्यात मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. "कात्री नाही, चहा. म्हणा बरं, चहा." दिवसातून चाळीस वेळा. गेले तीन आठवडे ह्यांनी बोलणंच सोडलंय.

एक शब्द तेवढा ठणठणीत आहे. "अगं." चौतीस वर्षं मला त्यानंच हाक मारली, तो कसा जाईल!

मॅडम म्हणतात, पहिले सहा महिने महत्त्वाचे. ह्यांनी तोंडच उघडलं नाही तर पुढे फार अवघड. म्हणजे उरले दोन.

११ फेब्रुवारी

दोन मासे मेले.

१२ फेब्रुवारी

आणखी एक. उरलेले तीन डब्यात घालून दुकानात नेले. दुकानदार चांगलाच तापला. "ताई, पाणी भरलं की टाकी आधी काही आठवडे नुसती चालू ठेवायची, पाणी तयार व्हावं लागतं. सांगितलं होतं ना मी!" सांगितलं होतं. त्या वेळी मी त्याच्या पाटीवरचं "मत्सालय" वाचत होते. एक य कमी.

शिवाय ह्यांनी डाव्या हातानं खाद्याचा डबा उलटा केला होता, ते वेगळंच. आणि माशांशी बोलणार काय? ते येतात, बघतात, जातात. आमच्या छापखान्याचे मॅनेजर असेच होते.

तिन्ही मासे त्यानं ठेवून घेतले. "तुमच्या नशिबात दुसरं कुणीतरी असेल," म्हणाला. बरा माणूस आहे.

१६ फेब्रुवारी

आज ह्यांना घेऊन गेले. दुकानदारानं ह्यांना स्टुलावर बसवलं आणि प्रश्नांची फैर झाडली. घरात दिवसभर कोण असतं? कोणता हात चालतो? आवाजाचा त्रास होतो का? खाली वाकता येतं? मुलगी दाखवायच्या वेळीही कुणी इतक्या चौकशा करत नाही.

मला कासव आवडलं. शांत, स्वच्छ, घाई नाही. "पन्नास वर्षं जगेल," तो म्हणाला. म्हणजे शेवटी तेच आम्हाला सांभाळणार! राहिलं.

हिरव्या पक्ष्यांची जोडी घेऊन आलो.

२१ फेब्रुवारी

पक्षी एकमेकांत गुंग. माणसाकडे ढुंकून बघत नाहीत. सकाळपासून कलकलाट. काल ह्यांनी त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं, तर ते दोघं असे ओरडले की हे दचकून गप्प. दुकानदार म्हणतो, एकटा ठेवला तर माणसाळतो, पण झुरतोही. कुणाला तरी एकटं पाडून ह्यांना बोलतं करायचं? माझा धीर होईना. परत दिले.

२५ फेब्रुवारी

ससा. "दोन दिवस राहू दे, जमलं तर ठेवा." दुकानदारानं बजावून सांगितलं, कानाला धरून उचलायचं नाही, आणि दात सारखे वाढतात, चावायला काही तरी द्या.

द्यायच्या आधीच त्यानं घेतलं. काठीचा टक् आवाज झाला की कपाटामागे. तिथे माझा जाडा शब्दकोश होता. क्ष आणि ज्ञ पूर्ण खाल्ले, ह अर्धा! मी कपाटामागून तो चघळलेला कोश बाहेर काढला आणि हे हसले. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

कोश गेला तर गेला. सशाचे मनापासून आभार.

२७ फेब्रुवारी

ससा परत. दुकानदार म्हणाला, "खरं सांगू? माझ्या दुकानात तुमच्यासाठी काही नाही. प्राण्यांच्या निवाऱ्यात जा. पिल्लू घेऊ नका, पायात येऊन ह्यांना पाडेल. वय झालेला कुत्रा बघा." स्वतःचं गिऱ्हाईक हातानं दुसरीकडे धाडणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. निघताना त्याला मत्स्यालयातला य सांगितला. हसत म्हणाला, "इतकी वर्षं कुणी बोललंच नाही!"

२८ फेब्रुवारी

मॅडमनी आज मला पकडलं. "छापखान्यात तुम्ही एखादा शब्द चुकून कापला, मग कळलं की तो बरोबर होता, तर काय करायचात?"

सांगितलं. खाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं — तसेच ठेवा.

"घरी ते करा," म्हणाल्या.

छत्तीस वर्षांत मी ते फार तर वीसेक वेळा लिहिलं असेल. माझं कापलेलं चुकायचं नाही हो! असा माझा समज.

२ मार्च

निवारा. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या बाई आम्हाला पिंजऱ्यांवरून नेत होत्या. सगळी पिल्लं जाळीवर उड्या मारत होती. शेवटच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्री, तोंड पांढरं झालेलं. उठली नाही, नुसतं बघितलं.

"आठेक वर्षांची आहे. कुणीतरी फाटकाला बांधून गेलं. नाव माहीत नाही, आम्ही सात नंबर म्हणतो."

बाईंनी दार उघडलं. ती सावकाश आली. आधी काठीचा वास घेतला, मग ह्यांचा उजवा पाय हुंगला, आणि त्याच पायाला टेकून उभी राहिली. अधू पायाला. मला वाटलं हे पडतात आता! पडले नाहीत. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "कात्री."

"नाही —" माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

तिनं शेपूट हलवली.

३ मार्च

घरी आली.

६ मार्च

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मागचे सांधे आखडलेत, दोन दात काढावे लागतील, वजन जास्त आहे. खाणं मोजून दोन वेळा, जाड गादी, जिने टाळा, फिरायला थोडं थोडं पण रोज. ह्यांना सांगितलेलं सगळं जसंच्या तसं! दोघांचं एकच वेळापत्रक लिहून दारावर लावलं.

आणि रोज ब्रश करा, म्हणाले. केस खूप गळतात.

९ मार्च

आज जे ऐकलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

दुपारी ह्यांनी दुकानातला जुना कंगवा शोधून काढला. तिला खिडकीपाशी बसवलं, पाठीवर टॉवेल टाकला, गिऱ्हाइकाला टाकायचे तसा. आणि डाव्या हातानं विंचरत बोलायला लागले! मी दाराआड. "काय मग... आरसा... पुढच्या... पावडर गेली का... हो ना!" मधेच हसणं. एकही वाक्य धड नाही. पण चढउतार सगळा दुकानातला. ते गप्पांत रंगायचे तेव्हाचा. मी पेन्सिल चावत उभी. सतरा चुका मोजल्या, मग मोजणं सोडलं.

तिला एकही कळली नाही. केवढे उपकार आहेत तिचे!

१४ मार्च

नावाचा घोळ. लेकीनं फोनवर डझनभर नावं सुचवली. ह्यांच्या तोंडून एक येईना. दरम्यान कुत्रीनं आपलं आपणच ठरवलं. हे घरात स्वच्छ बोलतात तो शब्द एकच, आणि त्यानंतर कुणीतरी ह्यांच्याकडे जातं, हे तिनं पाहून ठेवलं असणार.

आज हे म्हणाले, "अगं." मी स्वयंपाकघरातून, ती गादीवरून. ती आधी पोचली.

१७ मार्च

अगं म्हटलं की दोघी! लेक फोनवर हसून हसून बेजार. "आई, तू 'अहो' म्हणून बघ." मी म्हटलं, तर कुत्रीनं मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. म्हणजे घरात सगळ्यांची नावं ठरली.

२० मार्च

हसण्यावारी नेलं, पण खरं लिहायचं तर मला थोडं लागलंय. चौतीस वर्षांची माझी हाक तिनं पंधरा दिवसांत पळवली. आज तिला बजावलं, "ते तुझं नाव नाही हं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. माझं तरी कुठे आहे ते?

ह्यांनी माझं नाव कधी घेतलेलं नाही. सुरुवातीला घरात मोठी माणसं होती, मग सवयच झाली. तरुणपणी एकदा मी तक्रार केली होती. तेव्हा म्हणाले होते, "गरज काय? अगं म्हटलं की तू येतेसच की." कात्री चालवत, न बघता.

२५ मार्च

चहाला "चहा" म्हणाले!! कुणी सांगितलं नव्हतं. कुत्रीला म्हणाले, मला नव्हे. चालेल.

१ एप्रिल

सकाळी बघते तर घरात हे नाहीत, कुत्री नाही, पट्टा नाही. चपला न घालताच धावले. कोपऱ्यावर, पुढच्या गल्लीत. मनात नको नको ते.

ह्यांच्या दुकानासमोर सापडले. शटर खाली. हे काठीवर भार देऊन उभे, ती पायाला टेकून बसलेली. मी धापा टाकत पोचले. ह्यांनी शटरकडे बोट केलं.

"बंद," म्हणाले.

बरोबर शब्द. चुकला असता तर बरं झालं असतं.

मग ह्यांनीच पट्टा ओढला. "चल." ती उठली, आम्ही तिघं घरी आलो. वाटेत ह्यांनी माझा हात धरला होता, उजव्या हातानं. बोटं नीट मिटत नाहीत, पण धरला होता.

४ एप्रिल

तिचे दोन दात काढले. दिवसभर हे गादीशेजारी जमिनीवर. "बस. बस. नाही दुखत." चार शब्द सलग! मी भिंतीला टेकून रडले. मग तिघांसाठी सूप केलं, तिचं बिनमिठाचं.

९ एप्रिल

उद्या सहा महिने पुरे. मॅडमनी यादी केली, एकतीस शब्द परत आले. म्हणाल्या, "सहा महिने म्हणजे काही कुलूप नाही, पुढेही येतील. सुरुवात व्हायला हवी होती, ती झाली." मग कुत्रीशी हात मिळवला.

मॅडम, तो दुकानदार, बूटवाल्या बाई, शब्दकोश खाणारा ससा. कुणाकुणाचे आभार मानू? एकतिसांत माझं नाव नाही. नसू दे. इतकं मिळाल्यावर आणखी मागणं बरं नव्हे.

११ एप्रिल

दुपारी "अगं" ऐकू आलं. कुत्री गेली. मी उठले नाही, तिलाच बोलावलं असेल. पुन्हा "अगं." ती तिथेच होती, मग कुणाला? काठीचा आवाज, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आणि माझं नाव. तीन अक्षरं. मधलं चुकलं.

तसेच ठेवा.